आजचे ५ किलो, वर्षाने ३५

लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डचे दोन महिन्यांचे पिल्लू साधारण ४ ते ५ किलोचे असते. मांडीवर मावते, कुशीत झोपते आणि घरातल्या सगळ्यांना एका संध्याकाळीत जिंकून घेते. वर्षभरात तेच पिल्लू ३० ते ३५ किलोचे होते. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड असेल तर ५० किलोच्याही पुढे जाते. प्राणीसंस्थेतून पिल्लू दत्तक घेण्याचा निर्णय बहुतेक घरांत पहिल्या आकड्याकडे पाहून होतो, आणि पुढची दहा वर्षे राहायचे असते दुसऱ्या आकड्याबरोबर. मोठ्या जातीची कुत्री पुन्हा पुन्हा बेघर होतात, त्यामागे बऱ्याचदा हीच तफावत असते.

दत्तक घेणे चांगलेच. विकत घेण्यापेक्षा तर नक्कीच चांगले. पण मोठ्या जातीचे पिल्लू घरी आणणे ही केवळ भूतदयेची गोष्ट नाही. त्या घरातल्या मुलांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या आणि खुद्द त्या पिल्लाच्या आरोग्याशी निगडित असा तो निर्णय आहे. तो घेताना मांडीवरच्या पिल्लापेक्षा वर्षानंतरचा कुत्रा डोळ्यांसमोर असायला हवा.

ही पिल्ले संस्थांकडे येतात कुठून? काही बेकायदा पैदास करणाऱ्यांकडून. विकली न गेलेली, व्यंग असलेली किंवा आजारी पडलेली पिल्ले रस्त्यावर सोडली जातात. काही घरांतून येतात. हौसेने आणलेले पिल्लू सहाव्या महिन्यात सोफा फाडते, आजोबांना धक्का देऊन पाडते, त्याच्या खाण्याचा खर्च वाढतो. मग बदली, बाळंतपण किंवा सोसायटीतील भांडण हे निमित्त होते. हौसेला मोल नसते असे म्हणतात, पण पशुवैद्याच्या बिलाला असते. जंतनाशकापासून भुलीपर्यंत बहुतेक औषधांची मात्रा वजनावर ठरते. १० किलोच्या गावठी कुत्र्याच्या आणि ४० किलोच्या रॉटवायलरच्या खर्चात फरक पडणारच.

कायद्याचा धाक इथे फारसा नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. उपाशी-तहानेला पडेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा त्यातील कलम ११ नुसार गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीचे नियम २०१७ मध्ये आले आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई झाली. तरीही त्याहून लहान पिल्ले खोक्यात घालून विकली जातातच. अशा परिस्थितीत संस्थेने दत्तक देण्यापूर्वी घर पाहायला येणे, घरात माणसे किती, दिवसभर घरी कोण असते, घर भाड्याचे आहे का असे विचारणे अनेकांना खटकते. 'आम्ही उपकार करतोय आणि चौकशी आमचीच' असा सूर निघतो. खरे तर या चौकशीत संस्थेने ढिलाई केली तर काळजी वाटायला हवी. सोयरीक जुळवताना दोन्हीकडून विचारपूस होते, तशी इथेही व्हावी. कुटुंबानेही विचारावे: पिल्लू कुठे सापडले, आई दिसली होती का, कोणत्या तारखेला कोणती लस दिली, जंताचे औषध कधी दिले, संस्थेत गेल्या महिन्यात पार्व्हो किंवा डिस्टेंपरने पिल्ले दगावली का?

'लॅब क्रॉस आहे' या सांगण्यावर मात्र फार विसंबू नये. नुसत्या रूपावरून जात ओळखण्यात अनुभवी माणसेही चुकतात. त्यापेक्षा वजनकाटा बरा. मोठ्या जातीचे पिल्लू चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास प्रौढ वजनाच्या साधारण निम्म्यावर पोहोचते. चार महिन्यांचे पिल्लू १५ किलोचे भरत असेल तर ते ३० किलोच्या आसपास जाणार असे धरून चालावे.

पिल्लू घरी आल्यावरची पहिली चूक जेवणात होते. 'मोठ्या जातीचा आहे, हाडे भक्कम व्हायला हवीत' म्हणून भरपूर खाऊ घातले जाते आणि जोडीला कॅल्शियमचे टॉनिक सुरू होते. हेतू प्रेमाचा असतो, परिणाम उलटा होतो. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरेसे रोखता येत नाही. जेवढे द्यावे त्याचा बराच भाग शरीरात शिरतो आणि हाडांची घडण बिघडते. नेदरलँड्समधील युट्रेख्ट विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियम दिलेल्या पिल्लांची हाडे आणि सांधे बिघडल्याचे दिसले होते. याची दुसरी बाजूही आहे. नुसते मांस-भात किंवा दूध-पोळी यावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम आणि इतर घटक कमी पडू शकतात. उपाय सरळ आहे: मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच तयार केलेले खाद्य द्यावे, किंवा घरचेच द्यायचे तर पशुवैद्याकडून हिशेब करून घ्यावा. संतुलित खाद्यावर असलेल्या पिल्लाला वरून टॉनिक देऊ नये.

किती द्यावे, यावरही चांगला पुरावा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, आठ आठवड्यांच्या वयापासून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले गेले आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पोटभर खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे होते, तर कमी खाणाऱ्यांचे १३ वर्षे. सांध्यांची झीजही कमी खाणाऱ्यांत उशिरा सुरू झाली. पिल्लाला उपाशी ठेवा असा याचा अर्थ नाही. त्याला सडसडीत ठेवावे एवढाच आहे. बरगड्यांवरून हात फिरवला तर त्या सहज लागाव्यात, वरून पाहिले तर कंबर दिसावी. गुबगुबीत पिल्लू फोटोत छान दिसते, पण तो भार त्याच्या कोवळ्या खुब्यांवर पडत असतो.

मोठ्या कुत्र्यांचा खुब्याचा सांधा हा तसाही नाजूक विषय आहे. हिप डिस्प्लेशिया या विकारात मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही. कुत्रा लंगडतो, उठताना कण्हतो. या विकाराचे मूळ आनुवंशिक असते, पण वाढीच्या काळातील वजन आणि हालचाल त्यात भर घालतात. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाच्या पहिल्या तीन महिन्यांत जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत हा विकार अधिक आढळला, तर त्याच वयात मोकळ्या जागेत पट्ट्याविना बागडणाऱ्या पिल्लांत कमी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने पहिले काही महिने पिल्लाला उचलून नेण्याची तयारी ठेवावी. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, तिथे सतरंजी किंवा रबरी चटई घालावी. मोठ्या जातींत हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या भरून यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. तोपर्यंत दुचाकीमागे पळवणे, उंचावरून उड्या मारायला लावणे हे प्रकार बंद.

नसबंदीचा प्रश्न इथेच येतो, आणि त्यावर संस्था व पशुवैद्य यांची मते कधी कधी वेगळी पडतात. संस्थांना नसबंदी लवकर हवी असते. दत्तक गेलेल्या मादीला पिल्ले झाली की संस्थेचे सगळे श्रम वाया जातात, तेव्हा त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. दुसरीकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांना गोल्डन रिट्रीव्हरमध्ये वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे काही विकार अधिक आढळले. तो अभ्यास २०१३ चा. मध्यम मार्ग असा की मोठ्या जातीच्या पिल्लासाठी नसबंदीची तारीख पशुवैद्याच्या सल्ल्याने पुढची ठरवावी, ती संस्थेला लेखी द्यावी आणि मग ती पाळावी. ती पाळली जात नाही, म्हणूनच संस्था लवकर शस्त्रक्रियेचा हट्ट धरतात.

आता लसीकरण. पार्व्हो आणि डिस्टेंपर यांच्याविरुद्धची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत तिचे डोस द्यावे लागतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे लसीला काही काळ निष्प्रभ करतात आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून 'एक इंजेक्शन झाले आहे' याचा अर्थ पिल्लू सुरक्षित झाले असा होत नाही. पार्व्होचा विषाणू १९७८ मध्ये जगभर पसरला आणि तेव्हापासून तो कोवळ्या पिल्लांचा काळ ठरला आहे. तो मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. साध्या फिनेलचा त्याच्यावर भरवसा नाही, पातळ केलेले ब्लीच चालते. ज्या घरात अलीकडे पार्व्होने पिल्लू गेले आहे तिथे लसीकरण अपुरे असलेले दुसरे पिल्लू आणू नये. संस्थेतून आलेल्या पिल्लाच्या अंगात आजार दबा धरून असू शकतो. पहिले दोन आठवडे त्याला घरातल्या इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे. उलटी, रक्ताचे जुलाब किंवा अन्नावरची वासना उडणे यापैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

यामुळे एक पेच निर्माण होतो. पिल्लाला जगाची ओळख होण्याचा काळ तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात हे मांडले आणि ते आजही मान्य आहे. या काळात ज्या गोष्टी पिल्लू पाहात नाही त्यांना ते पुढे घाबरते, आणि घाबरलेला ३५ किलोचा कुत्रा चावतो. नेमका हाच काळ लसीकरण अपुरे असण्याचा. म्हणून पिल्लाला घरात कोंडूनही चालत नाही आणि कचराकुंडीजवळ फिरवूनही. त्याला कडेवर घेऊन फिरवावे, रिक्षाचा आवाज, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत येणारी आजी, शाळेतून सुटलेली मुले हे सगळे दाखवावे. दत्तक पिल्लाचा हा काळ बहुधा संस्थेच्या पिंजऱ्यातच निम्मा संपलेला असतो, त्यामुळे उरलेले आठवडे फार मोलाचे.

माणसांच्या आरोग्याचा सर्वात गंभीर मुद्दा रेबीजचा, आणि सर्वात जास्त गैरसमजही त्याच्याच भोवती आहेत. 'घरचे पिल्लू आहे, दुधाचे दात आहेत, एवढासा ओरखडा आहे' म्हणून माणसे लस टाळतात. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या वयात दिली जाते आणि तिचे संरक्षण तयार व्हायला त्यानंतरही काही आठवडे लागतात. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाला त्याआधी कोण चावले होते, हे संस्थेलाही ठाऊक नसते. कुत्र्यात हा आजार दिसू लागायला आठवडे किंवा महिनेही लागू शकतात. आणि माणसात लक्षणे सुरू झाल्यावर रेबीजवर उपचार नाही, मृत्यू जवळपास अटळ असतो.

म्हणून नियम सोपा ठेवावा. पिल्लाचे दात किंवा नखे लागून त्वचा खरचटली, तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची यातले काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लस कातडीत देण्याच्या पद्धतीने ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली जाते. रक्त आलेले असेल किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. ते टाळून नुसत्या लसीवर भागवू नये. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे ते लस सुरू करून. लस लांबवून नव्हे. लहान मूल मार बसेल या भीतीने ओरखडा लपवते. 'पिल्लू चावले तर आधी सांगायचे, कुणी रागावणार नाही' हे त्याला पिल्लू घरी येण्याआधीच सांगून ठेवावे.

बाकीचे धोके किरकोळ वाटले तरी त्यांची शिस्त हवी. बहुतेक पिल्लांत गोल जंत आईच्या पोटातूनच आलेले असतात. त्यांची अंडी मातीत दोन-तीन आठवडे राहिली की संसर्गक्षम होतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या पोटात जातात. क्वचित डोळ्यालाही इजा करतात. विष्ठा त्याच दिवशी उचलणे आणि जंतनाशक वेळापत्रकाने देणे एवढ्याने हा धोका बराच टळतो. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या लघवीतूनही पसरू शकतो, तेव्हा त्याची लस टाळू नये आणि साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला फिरवू नये. गरोदर स्त्रीने कुत्रा घराबाहेर काढावा असा सल्ला अजूनही दिला जातो. तो टोक्सोप्लाझ्माच्या भीतीतून येतो, पण त्या जंतूचा संबंध मांजराच्या विष्ठेशी आणि कच्च्या मांसाशी आहे. त्यासाठी कुत्र्याला हाकलण्याचे कारण नाही.

ज्या धोक्याचा कुणी विचारच करत नाही, तो पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असतो. मुले नोकरीवर, नातवंडे शाळेत, त्यामुळे कुत्र्याला फिरवायला आजी-आजोबाच जातात. ३५ किलोच्या कुत्र्याने मांजर पाहून झेप घेतली तर हाडे ठिसूळ झालेल्या साठीच्या पुढच्या बाईला सावरता येत नाही. अमेरिकेत २००४ ते २०१७ या काळात कुत्र्याला पट्ट्याने फिरवताना हाड मोडून रुग्णालयात येणाऱ्या ६५ वर्षांवरील लोकांची संख्या दुपटीहून अधिक झाली, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. खुब्याचे हाड मोडणे म्हातारपणी काय करून ठेवते, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. पट्टा हाताला गुंडाळू नये, आणि पट्ट्याने नीट चालण्याची शिकवण कुत्रा १० किलोचा असतानाच द्यावी. ३५ किलोचा झाल्यावर हे काम फार अवघड होते.

मग मोठ्या जातीचे पिल्लू कुणी घेऊ नये? दिवसभर कुलूप असणाऱ्या घराने घेऊ नये. फिरवणारे एकमेव माणूस सत्तरीचे असेल तर घेऊ नये. दाट केसांचा सेंट बर्नार्ड विदर्भातल्या ४५ अंशांच्या मे महिन्यासाठी जन्मलेला नाही. धापा टाकणे एवढाच कुत्र्याचा उष्णतेवरचा मुख्य उपाय असतो. या घरांनी प्राणी पाळूच नये असे मात्र नाही. संस्थांकडे तीन-चार वर्षांची मोठी कुत्री असतात. त्यांचे वजन ठरलेले, स्वभाव कळलेला, लसी झालेल्या, खोड्या ओसरलेल्या. त्यांना कुणी विचारत नाही, कारण ती पिल्ले नाहीत. ज्येष्ठांच्या घरात किंवा लहान मुलांच्या घरात असा शांत, पारखलेला कुत्रा पिल्लापेक्षा कितीतरी बरा. गावठी कुत्राही आटोपशीर, काटक आणि इथल्या हवेला सरावलेला असतो.

संस्थांनीही एक गोष्ट करावी. दत्तकाच्या आवाहनात पिल्लाच्या फोटोशेजारी त्याचे प्रौढपणीचे अंदाजे वजन लिहावे, आणि शक्य असेल तिथे त्याच जातीचा पूर्ण वाढलेला कुत्रा कुटुंबाला भेटवावा. त्याला अर्धा तास पट्ट्याने फिरवू द्यावे. ज्यांचा उत्साह तेवढ्यावर मावळेल, त्यांनी पिल्लू न घेतलेलेच पिल्लाच्या हिताचे. एकदा घर मिळून पुन्हा पिंजऱ्यात आलेल्या, दीड वर्षाच्या, माणसांना बिचकणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दुसरे घर मिळणे फार कठीण असते.

ज्यांची तयारी आहे त्यांनी जरूर न्यावे. मात्र संस्थेच्या दारातून निघण्यापूर्वी पशुवैद्याची वेळ ठरलेली असावी, लसीकरणाचे कार्ड हातात असावे, महापालिकेच्या नोंदणीची माहिती घेतलेली असावी आणि पहाटे पाऊस असताना कुत्र्याला कोण फिरवणार याचे उत्तर एका माणसाच्या नावासकट ठरलेले असावे. ते नाव सांगता येत नसेल, तर आणखी महिनाभर थांबायला हरकत नाही.